क्लबच्या चौकटीतला अर्धा इंच

मी एक जुनी सागवानी चौकट आहे. दोन पाय आणि वर एक आडवी पट्टी, एवढाच माझा देह. मित्रांनो, आज मला पाहिलेत तर तुम्ही मोडक्या स्टुलाचा तुकडा समजाल. पण एके काळी माझ्याखाली उभे राहिल्याशिवाय एकाही कुत्र्याला आमच्या क्लबात जागा मिळत नसे.

मला एका सुताराने घडवले, तेही आपल्या थोरल्या बहिणीसाठी. ती शिवणकाम करायची आणि सगळी गल्ली तिला शिवणमावशी म्हणायची. तिच्याकडे तांबूस रंगाची, झुबकेदार शेपटीची, मांडीत मावणारी कुत्री होती. तशी कुत्री पूर्वी त्या भागात घरोघर असत. पुढे लोकांना दांडग्या, राखणीच्या कुत्र्यांची हौस लागली आणि ही लहानगी दिसेनाशी झाली. मावशीने मात्र वीस वर्षे त्यांचा वंश जपला. नावेही तिच्या कामातलीच: गुंडी, रीळ, झालर.

एकदा औषधांच्या दुकानाचे मालक कोटाची बाही शिवून घ्यायला तिच्याकडे आले. मशीनच्या पायट्याशी चिंध्यांच्या ढिगात गुंडी झोपली होती. तिच्याकडे बघत ते म्हणाले, ही जात तुमच्याबरोबर संपेल, आपण क्लब काढू. कुत्र्यांबद्दल मावशीला इतक्या आस्थेने कधी कुणी विचारले नव्हते. ती हरखून गेली.

पहिली सभा तिच्याच खोलीत भरली. मशीन भिंतीकडे सरकवले आणि कापडाच्या गठ्ठ्यांवर अकरा माणसे दाटीवाटीने बसली. औषधवाले अध्यक्ष झाले, एक निवृत्त गुरुजी चिटणीस झाले. मावशीलाही एखादे पद द्यावे, हे कुणाच्या लक्षात आले नाही. ती आत कपबश्या विसळत होती.

नियम लिहायचे म्हणून गुंडीला टेबलावर उभे केले. खांद्यापाशी ती दहा इंच भरली. गुरुजींनी थोडी सूट धरून साडेदहा लिहिले आणि पुढे जोडले की उंची चौकटीने ठरेल, चौकटीचा निकाल अखेरचा. म्हणून माझा जन्म झाला. मला कुत्र्याच्या खांद्यावर ठेवायचे. माझे दोन्ही पाय टेबलाला टेकले तर कुत्रे पास. पाय अधांतरी राहिले तर बाद.

सुरुवातीची वर्षे माझ्या कौतुकाची होती. औषधवाले मला हातात उंच धरून पाहुण्यांना दाखवत आणि आमचा न्यायाधीश म्हणत. मी फुशारून जाई. एकदा बाद झालेले कुत्रे त्याचा मालक फाटकाबाहेर सोडून निघून गेला. ते संध्याकाळपर्यंत फाटकाच्या गजांत नाक खुपसून उभे होते. मला तेव्हा काहीच वाटले नाही, हे मी लपवत नाही.

मग लहान कुत्र्यांचे वेड लागले. जितके लहान, तितकी वाहवा. औषधवाल्यांनी सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावल्या. पिल्ले मुठीएवढी होत, डोळे बाहेर आलेले, दोन पावलांत धाप. जी दूध ओढत नसत त्यांच्यासाठी दुकानामागे पाण्याने भरलेली बादली असे. मी तिथेच खिळ्याला टांगलेली होते. औषधवाले बादलीवर झाकण ठेवत आणि हात पुसत गिऱ्हाइकाकडे जात.

वार्षिक सभेत, पाहुण्यांसमोर, मावशी उठून उभी राहिली.

"सख्ख्या भावंडांची जोडी लावू नका," ती म्हणाली. "पिल्लं श्वासाला महाग झालीत."

औषधवाल्यांनी हसून मान डोलावली आणि पुढचा विषय घेतला. दुसऱ्या दिवशी ते मला काखेत मारून सुताराकडे गेले आणि दोन्ही पायांचा अर्धा अर्धा इंच काढायला सांगितला.

सुताराने मला बराच वेळ हातात धरले. "ताईच्या कुत्रीच्या मापानं केलीय ही."

"म्हणून तर. नव्या दुकानाची कपाटं कुणाला सांगू, ते तूच बोल."

त्याने करवत घेतली. कापलेल्या टोकांचे लाकूड कोरे दिसू नये म्हणून त्यावर पॉलिशही फिरवले.

त्या वर्षीच्या प्रदर्शनात मावशीने झालरला टेबलावर ठेवले. झालर म्हणजे गुंडीची नात, सव्वादहा इंचांची. मला तिच्या खांद्यावर ठेवले आणि माझे पाय हवेत राहिले. गुरुजींनी बाद म्हणून लिहून टाकले. मावशीने गळ्यातला टेप काढून माझा पाय मोजला.

"ही दहाचीच भरतेय. कुणीतरी कापलीय."

"तुमच्या भावानंच केलीय," औषधवाले म्हणाले. "त्याला विचारा."

मावशीने भावाकडे पाहिले. तो आपल्या चपलांकडे बघत होता.

"होती तशीच आहे, ताई," तो म्हणाला.

ती झालरला उचलून चालू लागली.

झालरच्या नात्यातली सगळीच कुत्री मग बाद ठरली. लोकांनी मावशीकडून हौसेने नेलेली सात कुत्री आठवड्याभरात तिच्या दाराच्या कडीला बांधून ठेवली. एकाने तर दोरी इतकी आखूड बांधली होती की कुत्र्याला बसताही येईना. हे मी दुकानात ऐकले. सांगणारा हसत होता. त्यावर औषधवाल्यांनी सही करून मावशीला पत्र धाडले: बाद कुत्र्यांना पिल्ले होऊ नयेत म्हणून त्यांची ऑपरेशने करावीत, नाहीतर क्लब नगरपालिकेत तक्रार करील.

चार वर्षे गेली. औषधवाल्यांकडच्या लागोपाठ दोन वेतांतले एकही पिल्लू जगले नाही. नवे रक्त हवे, आणि ते फक्त मावशीकडे आहे, असे गुरुजी म्हणाले. मग सुताराने माझ्या पायांना अर्ध्या अर्ध्या इंचाचे तुकडे चिकटवले आणि तिघे मला घेऊन तिच्या दारी गेले.

मावशीने दार उघडले. गुरुजींना नमस्कार केला. मग भावाकडे वळून म्हणाली, "या, बसा."

जन्मभर ती त्याला 'तू' म्हणत आली होती.

झालरला टेबलावर घेतले. माझे दोन्ही पाय टेकले. औषधवाल्यांनी हात जोडून चुकीची कबुली दिली, झालरला क्लबात परत घेतल्याचे सांगितले आणि तिची पिल्ले मागितली. मावशीने कपाटातून ते पत्र काढून त्यांच्यापुढे ठेवले.

"तुमच्याच सहीचं आहे. आठही कुत्र्यांची ऑपरेशनं करून घेतली. यांच्यामागे आता कुणी नाही."

"ताई, माझं ऐक..." सुतार म्हणाला.

"तुम्ही पाणी घेणार का?" तिने विचारले.

तो रस्त्यात रडला. त्याने आवाज आवरावा, लोक बघताहेत, असे औषधवाले त्याला म्हणाले.

दोन वर्षांत क्लब बंद पडला. झालर गेली, मग मावशीकडचे शेवटचे कुत्रेही गेले. खोकल्याचे औषध घ्यायला आलेल्या एका बाईच्या बोलण्यातून मला ते कळले. तशी कुत्री आता कुठेच नाहीत.

मित्रांनो, मला सरपणात टाकलेत तरी माझी तक्रार नाही. फक्त एवढे करा. एखाद्या मुक्या जिवाला घरी आणाल तेव्हा तो किती इंच भरतो हे विचारू नका. छातीशी कान लावा आणि त्याला नीट श्वास घेता येतो का, ते ऐका. मी आयुष्यभर मापे घेतली, पण ते मला एकदाही मोजता आले नाही.