स्पेशल दाढी

जानेफळात बसथांब्याजवळच्या निवृत्तीच्या दुकानात दाढीला पन्नास रुपये पडायचे आणि त्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती. पण दिवाळीला हर्षल घरी आला आणि तो साबण घेऊन आला.

हर्षल हा निवृत्तीचा थोरला. पुण्यात एका मॉलमधल्या सलूनमध्ये कामाला होता. तिथे माणसं केस कापायला येण्याआधी फोन करून वेळ घेतात, असं तो सांगायचा. दर दिवाळीला बापासाठी शर्टाचं कापड आणणाऱ्या या पोराने यंदा कागदात गुंडाळलेली एक लाकडी वाटी काढली. घट्ट झाकण, त्यावर कोरलेली इंग्रजी अक्षरं आणि आत पांढराशुभ्र साबण.

"केवढ्याचा?" संजीवनीने, त्याच्या आईने, पोळी लाटता लाटता विचारलं.

"बत्तीसशे."

लाटणं जागच्या जागी थांबलं. "साबणाचे? यानं केल्यावर दाढी पुन्हा उगोतच नाई काय?"

"आई, विलायतेचा हाय तो. आमच्याकडं यानं दाढी करायचे हजार रुपये घेतात."

निवृत्तीने झाकण उघडून वास घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्याने त्या साबणाने स्वतःची दाढी केली. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गालावर ब्रश फिरवलेला माणूस तो, साबण पारखायला त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. फेस कवडीदह्यासारखा घट्ट आला आणि शेवटपर्यंत वाळला नाही. वस्तरा आवाज न करता सरकला. वरून तुरटी फिरवली तर झोंबली नाही. वास असा की, कोणी नुकतंच लाकूड तासून ठेवलंय. साबण चांगला होता, यात शंका नव्हती. पण बत्तीसशेचा होता का? तसं त्याला मनातून वाटलं नाही. ब्लेड नवं असावं, पाणी गरम असावं आणि हाताला घाई नसावी. दाढीचं निम्मंअधिक सुख एवढ्यातच असतं, हे त्याला ठाऊक होतं. फक्त हे त्याने कोणाला सांगितलं नाही. आरशाच्या वर पाटी लावली: स्पेशल दाढी, दीडशे रुपये.

आणि गंमत म्हणजे पाटी चालली. लग्नाळू पोरं यायला लागली. रस्त्याच्या कामावरचा ठेकेदार यायला लागला, तो गाडी अगदी दुकानाच्या तोंडाशी उभी करायचा. बँकेतले नवे साहेब दोनदा येऊन गेले. बाकावर बसलेली रिकामी मंडळी वाटीकडे बघायची, वास घ्यायची. त्यात हरिओम पुढे. त्याचं बाजूलाच खताचं दुकान. पण गिऱ्हाईक नसलं की त्याचा मुक्काम निवृत्तीच्या बाकावर. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या पोटात गोष्ट राहत नसे.

माघात वाटीचा तळ दिसायला लागला. कडेला तेवढा साबण उरला होता. अशातच बाजाराच्या दिवशी दुपारी महादेव आला.

महादेव आणि निवृत्ती गावच्या शाळेत एका पट्टीवर बसलेले. महादेवाचं नाल्याकाठी तीन एकर ओलिताचं रान, त्यात वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. बाजारात माल विकून झाला की तो निवृत्तीच्या खुर्चीत येऊन बसायचा आणि फेस लागेपर्यंत घोरायला लागायचा. लोक त्याला महादेवराव म्हणत. निवृत्ती त्याला महादेवा म्हणायचा आणि महादेव निवृत्तीशी "बे" लावल्याशिवाय बोलत नसे. तीस-पस्तीस वर्षांत त्याच्या गालाला दुसऱ्या कोणाचा वस्तरा लागला नव्हता.

त्या दिवशी तो खुर्चीत बसला, पण डोळे मिटेना. पाटीकडे बघत राहिला.

"निवृत्ती, मले बी आज ते लाव बे."

"काय ते?"

"ते स्पेशल." महादेव लाजल्यासारखा हसला. "उद्या आपल्या पोरीचा, निशीचा साखरपुडा हाय. देऊळगाव राजाचे लोक हायेत, आडतीवाले. त्या व्याह्याचा, भगवंतरावाचा गाल पाह्यला काय तू? काचीवानी चमकते. उद्या मले त्याच्या शेजारी बसनं हाय." आणि निवृत्ती नको म्हणायच्या आत त्याने आरशापुढच्या फळीवर दीडशे रुपये ठेवले.

निवृत्तीने वाटीचं झाकण उघडलं. हे नंतर त्याने स्वतःला पुष्कळदा सांगितलं, की झाकण उघडलं तेव्हा त्याच्या मनात काही नव्हतं. पण तळ बघितला. बाकावर ठेकेदार नंबर लावून बसला होता. महादेवाची दाढी म्हणजे तुरीची फणकटं, कापणीनंतर रानात उरलेले टोकदार खुंट. उरलेला सगळा साबण त्यातच जिरला असता. आणि हरिओमने बाकावरूनच डोळा मारला आणि ओठांच्या कोपऱ्यातून म्हटलं, "याले काय समजते?"

घरकी मुर्गी दाल बराबर, म्हणतात ते खोटं नाही. परक्याला आपण फसवायला भितो. घरच्याला फसवताना आपण फसवतोय असं वाटतही नाही.

निवृत्तीने वाटी महादेवाच्या नाकासमोर उघडी ठेवली, म्हणजे वास दरवळत राहील. महादेवाने डोळे मिटले. मग निवृत्तीने फळीखालच्या स्टीलच्या पेल्यात रोजचं क्रीम पिळलं, त्याचा फेस काढला आणि तोच त्याच्या गालावर चढवला. बाकावरच्या मंडळींनी उपरण्यांत तोंडं खुपसली. दाढी मात्र त्याने मन लावून केली. दोन हात वस्तरा फिरवला, गरम टॉवेल दिला.

महादेवाने आरशात बघितलं. गालावरून पालथा हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"वा बे, निवृत्ती! पैशे वसूल. लोण्यावानी झाला." दारातून वळून ठेकेदाराला म्हणाला, "साहेब, लावाच तुमी. फरक हाय, फरक."

तो बसथांब्यापर्यंत पोचला नसेल, एवढ्यात दुकानात हशा फुटला. निवृत्तीही हसला. नुसता हसला असता तर कदाचित निभावलं असतं; पण त्याला बोलायची हुक्की आली. "पाह्यलं? मी म्हन्तो ना, साबन-बिबन काई नसते. सारं मनाचं हाय. पंचेचाळीस रुप्याच्या ट्यूबीवर गडी लोणी झाला."

संध्याकाळी जेवताना त्याने ही गंमत संजीवनीला सांगितली. तिला हसू आलं नाही.

"त्यानं पैशे देल्ले व्हते?"

"देल्ले ना."

"अन् तुमी ठुले?"

"अवं, उद्या आहेरात घालतो दीडशेच्या जागी पाचशे. दोस्त हाय तो माह्या."

संजीवनीने ताटात भाजी वाढली आणि पातेलं घेऊन आत गेली.

साखरपुडा महादेवाच्या अंगणातच होता. निवृत्ती सकाळपासून तिथे राबत होता, सतरंज्या घालत होता, पाहुण्यांना पाणी देत होता. भगवंतराव आपल्या माणसांसह आले. भारदस्त माणूस, बोलणं मोजकं. महादेव त्यांच्या शेजारी गादीवर बसला होता, पांढऱ्या सदऱ्यात, नवरदेवापेक्षा अवघडलेला. मधूनच गालाला हात लावून बघत होता. निशिगंधाची ओटी भरली, अंगठ्या झाल्या, फोटो झाले. मंडळी ऐसपैस झाली आणि थट्टा सुरू झाली.

व्याह्यांपैकी कोणी तरी म्हणालं, "महादेवराव आज एकदम टवटवीत दिसून राह्यले."

महादेव खुलला. "आमच्या निवृत्तीच्या हातची स्पेशल दाढी हाय. विलायतेचा साबन हाय त्याच्यापाशी."

हरिओम पलीकडेच बसला होता. निवृत्तीने सतरंजीच्या टोकावरून त्याच्याकडे बघितलं, डोळ्यांनी नको म्हटलं. पण हरिओमला सभा मिळाली होती. त्याने सगळी गोष्ट सांगितली. उघडी वाटी, फळीखालचा पेला, पंचेचाळीस रुपयांची ट्यूब, आणि महादेवाचं "फरक हाय, फरक" तर त्याने नक्कल करून सांगितलं.

अंगण हसलं. भगवंतरावसुद्धा हसले. "म्हणजे आमच्या व्याह्यांना साधं आणि स्पेशल कळत नाही म्हणायचं! बरं झालं, मालाची पारख पोरीवाल्यांना नसली तरी चालते." बोलण्यात त्यांचा वाईट हेतू नसावा. पण त्यांची माणसं आणखी मोठ्याने हसली.

महादेवही हसला. "हाव ना जी," म्हणाला, "आमी भाजीपाल्यातले लोक. आमाले काय समजते."

आणि हात गालाकडे गेला होता तो त्याने खाली घेतला. निवृत्तीने ते बघितलं. महादेवाने त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. जेवणं होईपर्यंत नाही, पाहुणे गाडीत बसेपर्यंत नाही. निवृत्तीने सतरंज्या गोळा केल्या. पाचशेचं पाकीट त्याने गीताबाईच्या, महादेवाच्या बायकोच्या, हातात दिलं आणि चालू पडला.

पुढच्या बाजारी महादेव आला नाही. निवृत्तीने दुपारचं जेवण लांबवलं, खुर्ची रिकामी ठेवली, दोघांना "थांबा जरासं" म्हणून बसवून ठेवलं. त्याच्या पुढच्या बाजारीही तो आला नाही. तिसऱ्या बाजारी त्याने महादेवाला रस्त्याच्या पलीकडून रिकाम्या टोपल्या घेऊन जाताना बघितलं. गालावर चार दिवसांचे खुंट होते. मधल्या काळात ठेकेदाराने स्पेशल मागितली, तर निवृत्ती साबण संपला म्हणाला. संपला नव्हता. तळाशी उरलेला तेवढा त्याने झाकून ठेवला होता.

शेवटी एका सकाळी दुकान न उघडता तो शेतात गेला. पिशवीत वाटी, ब्रश, नवं ब्लेड, टॉवेल. खिशात दीडशे रुपये.

महादेव वांग्याला पाणी देत होता. निवृत्तीला बघून त्याने फावडं ठेवलं, पाय धुतले आणि बाजेवर घोंगडी टाकली.

"या, निवृत्तीभाऊ. बसा."

निवृत्ती बसला नाही. पन्नास वर्षांत महादेवाने त्याला कधी "या" म्हटलं नव्हतं. "महादेवा, शिव्या दे," तो म्हणाला, "पन हे असं बोलू नोको."

"अजी, बसा तं. चहा सांगतो."

"चहा नोको. माह्यं चुकलं. मले मालूम हाय मी काय केलं ते. साबन आनला हाय, खरावाला. इथंच बस, ह्या बाजेवर. मी पानी तापोतो."

महादेवाने पिशवीतल्या वाटीकडे बघितलं. दाढी त्याने स्वतःच केलेली दिसत होती. हनुवटीखाली भोवरा होता, तिथे केस उलट्या अंगाने उगवत. त्या जागी दोन ठिकाणी कापलं होतं.

"साबनाचं काय घेऊन बसले तुमी," तो शांतपणे म्हणाला. "मले खरंच बरं वाटलं व्हतं त्या दिवशी. घरी जाऊन गीतेले म्हन्लं, पाय, हात लावून पाय. तिनं पाह्यलं बी. म्हने, हाव, मऊ हाय."

निवृत्तीने पिशवी बाजेवर ठेवली.

"तुमी मले म्हन्लं असतं ना, महादेवा, थोडाच उरला हाय, तुले नाई देत, तरी मी गेलो असतो. हसत गेलो असतो."

निवृत्तीने खिशातून दीडशे रुपये काढले आणि पुढे केले. महादेव ते हातातून ढकलून देईल, एक तरी शिवी हासडेल, असं त्याला वाटलं होतं. महादेवाने पैसे घेतले आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले. मग त्याने बांधावरून वांगी तोडली, पिशवीत वाटीवर घातली, वर मेथीची जुडी ठेवली. "वहिनीले द्या," म्हणाला. आणि पाण्याची पाळी फिरवायला निघून गेला.

चैत्रात निशिगंधाचं लग्न झालं. निवृत्तीला छापील पत्रिका आली, हळद लावून, नावापुढे श्री. लिहून. आधी कधी महादेवाच्या घरच्या कार्याला पत्रिका लागली नव्हती. गीताबाईचा निरोप यायचा, नाही तर तोही यायचा नाही, निवृत्ती आपला जायचा. या वेळी तो नवा सदरा घालून, पाहुण्यासारखा, अक्षता पडायच्या वेळेला गेला. सतरंज्या घालायला दुसरी पोरं होती. महादेवाची दाढी मेहकरातल्या कोणा कारागिराने केली होती. काम चांगलं होतं. हनुवटीखाली तेवढे चार केस राहिले होते, ते निवृत्तीखेरीज कोणाला दिसले नसते.

जेवणाआधी मानकऱ्यांचा सत्कार होता. त्याचं नाव पुकारलं. महादेवाने स्वतः त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर दुपट्टा टाकला, नारळ हातात दिला आणि दोन्ही हात जोडले.

"जेवून जाजा, निवृत्तीभाऊ. घाई करू नोका."

"हाव," निवृत्ती म्हणाला.

तो पहिल्या पंगतीला बसला, भगवंतरावांच्या ओळीत. वाढप्याने आग्रहाने दोनदा बुंदी वाढली. महादेव पंगतीतून फिरत होता, प्रत्येकाला विचारत होता, त्याच्यापाशीही थांबला, "काही पाह्यजे?" म्हणाला आणि पुढे गेला. निवृत्तीने पानातलं सगळं संपवलं.

घरी आला तेव्हा संजीवनी दारात तांदूळ निवडत बसली होती. कंबर धरली म्हणून ती लग्नाला गेली नव्हती. तिने टोपी बघितली, दुपट्टा बघितला.

"काय म्हने महादेवभाऊ?"

निवृत्तीने नारळ ओट्यावर ठेवला. दुपट्टा काढून त्याची घडी घातली, ती जमली नाही, पुन्हा घातली.

"मान केला," तो म्हणाला. "लय मान केला."