शून्याच्या अलीकडे

"ह्यो बी जडच हाय," म्हणत शिवकुमारने आवाजाचा चौथा पॉट फिरवून पाहून काउंटरवर ठेवला.

राजेसाबने पाचवा पुढे सरकवला. विजापूर वेशीजवळच्या बोळात त्याचं ॲम्प्लिफायर-माईक दुरुस्तीचं दुकान होतं. सोलापुरातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांचं बिघडलेलं सामान फिरून फिरून तिथेच यायचं. गिऱ्हाईक सांगेल तसं करून द्यायचं, आपलं डोकं चालवायचं नाही, असा त्याचा रिवाज होता. दुरुस्तीवाल्याला मत नसावं, एवढं एकच त्याचं मत.

शिवकुमार जुनं गिऱ्हाईक. दिवसभर पूर्व भागात यंत्रमागावर उभा राहायचा आणि संध्याकाळी लग्नाच्या रिसेप्शनमध्ये बेस गिटार वाजवायचा. बायको राजेश्वरी त्याच ऑर्केस्ट्रात गायची. आता पन्नाशी उलटल्यावर त्याने मनासारखी गिटार बनवून घेतली होती. जुळे सोलापुरात फर्निचर करणाऱ्या जोतिरामने ती शिसवी लाकडातून घडवली होती. तारा चढल्या होत्या, तारांचा आवाज पकडणारे पिकअप बसले होते. आवाज कमी-जास्त करायचा पॉट तेवढा राहिला होता.

"तुला लॉग पायजे का लिनियर?" राजेसाबने विचारलं.

"फरक काय पडतो?"

"लिनियर उतरवत आणला तर बराच वेळ कायच कळत न्हाई, आन् शेवटाला आवाज धपकन पडतो. लॉग कानाच्या हिशेबानं उतरतो. पायरी पायरीनं."

"मग त्योच. हळूच उतरला पायजे. कुणाला कळाय नको."

"कुणाला?"

"लोकांना की." शिवकुमारने नजर दुसरीकडे वळवली. "आन् हलका करा. एकदम हलका. माझी करंगळी तुमाला म्हाईतच हाय."

मागावर मोडलेली करंगळी सरळ बसली होती, पण वाकत नव्हती. वाजवता वाजवता तळहाताच्या कडेनेच पॉट फिरवावा लागणार होता. म्हणूनच जोतिरामने त्याचं भोक तारांच्या अगदी जवळ पाडलं होतं.

"चालू गाण्यात कशाला फिरवतो? मिक्सरवर माणूस असतो की."

"ती पोरं मोबाईल बघत बसत्यात." शिवकुमारने बोळाकडे एकदा नजर टाकली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "राजेश्वरीच्या गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यापास्नं वर गेली की आवाज फाटतोय. त्यात माझा बेस तिच्यावर चढतो. तिला जिथं जड जातंय तिथं मी बंदच होणार. पार शून्य. तिला तेवढं बोलू नका."

राजेसाबने मान हलवली. बोलायचा प्रश्नच नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी राजेश्वरीच दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. हातात कुठलं सामान नव्हतं. गळ्याभोवती पदर घट्ट होता. राजेसाबने स्टूल पुढे केलं, तरी ती बसली नाही.

"भाई, ह्यांचं गिटार तुमच्याकडंच हाय न्हवं?"

"हाय की, वहिनी."

"ते बंद होईल असं करू नका."

राजेसाबने काही कळलंच नाही असा चेहरा केला. ती हसली. आवाज बोलतानाही मधेच खरखरत होता.

"मला कळतंय की. हल्ली मी वर गेले की हे वाजवायचंच थांबतात. ह्यांना वाटतंय, बेसखाली माझा आवाज दबतोय. आता त्यात दबण्याजोगं ऱ्हायलंय काय? पण खाली बेस असला की सूर कुटं हाय ते मला सापडतं. तोबी गेला की पायाखालची फरशी काढल्यावानी होतंय बघा."

"मग त्यांना सांगा की."

"काय सांगू? माझ्यासाठीच करतायत. सांगितलं तर लई मनाला लावून घेतील. गिटारच खुंटीला टांगून ठेवतील." ती पायरी उतरली आणि वळून म्हणाली, "मी आले हुते म्हणू नका."

ती गेल्यावर राजेसाबने गिटार पुढ्यात ओढली. दोघांनीही एकमेकांना न सांगण्याच्या अटीवर उलटसुलट कामं सांगितली होती. गिऱ्हाईक सांगेल तसं करायचं म्हटलं तरी गिऱ्हाईक नेमकं कोण, हेच ठरेना.

मग त्याने पॉट हातात घेतला. पत्र्याच्या टोपणाचे कान चिमट्याने अलगद उघडले, आतलं घट्ट ग्रीस स्पिरिटने पुसून काढलं आणि दांड्याला पातळ तेलाचं बोट लावलं. टोपण परत बसवून दांडा फिरवला. तो बोटाच्या नुसत्या टेकण्याने फिरला. शिवकुमारचं काम झालं होतं.

सोल्डरिंग आयर्न तापलं होतं. पॉटचा एक पाय ग्राउंडला सरळ जोडायचा, म्हणजे शून्यावर आवाज पूर्ण बंद होतो. राजेसाबने तार उचलली आणि परत ठेवली. खणातून एक छोटा रेझिस्टर शोधून काढला आणि तो त्या पायाच्या आणि ग्राउंडच्या मधे जोडला. आता पॉट कितीही मागे नेला तरी थोडा आवाज मागे उरणार होता.

संध्याकाळी शिवकुमारने दुकानातल्या ॲम्प्लिफायरला गिटार लावून पाहिली. तळहाताच्या कडेने पॉटची चकती मागे लोटली. आवाज पायरी पायरीने उतरत गेला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मग तो थबकला. त्याने पुन्हा तार छेडली.

"शून्यावर जात न्हाय."

"न्हाई जात."

"पॉट खराब हाय?"

"पॉट चांगला हाय."

शिवकुमार त्याच्याकडे पाहत राहिला. राजेसाब सोल्डरिंग आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसत बसला. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"ती आली हुती व्हय?"

राजेसाबने टोक परत स्पंजवर टेकवलं. शिवकुमारने पुन्हा एकदा चकती शेवटापर्यंत नेली आणि तो बारीक, घुमता आवाज कान देऊन ऐकला. मग गिटार पिशवीत घातली.

"ऱ्हाऊ दे तसंच," तो म्हणाला.

रविवारी जुळे सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयात रिसेप्शन होतं. कार्यक्रम ऐकायला जायची राजेसाबला सवय नव्हती. त्या दिवशी मात्र तो गेला आणि खांबाजवळ उभा राहिला. जेवणाच्या रांगा लागल्या होत्या. नवरानवरीसोबत फोटो काढायला माणसं चढत-उतरत होती. स्टेजच्या कडेला राजेश्वरीने एक संथ गाणं धरलं.

अंतऱ्याला ती वर गेली आणि आवाज फाटला. शिवकुमारचा तळहात हलला. बेस उतरत उतरत अगदी तळाशी गेला, पण तुटला नाही. राजेश्वरीने डोळे मिटले. ताणायचं सोडून तिने तोच सूर खालच्या सप्तकात घेतला. खरखरीत, बारीक, पण बरोबर जागेवर. खालून तो घुमता आवाज तिच्याबरोबर चालत राहिला. शिवकुमार तारांकडे पाहत होता. तिने गाणं शेवटपर्यंत नेलं.

टाळ्या अशा वाजल्याच नाहीत. गुलाबजाम संपल्याचा गलका चालू होता.

निवेदकाने पुढचं नाव पुकारलं. ऑर्केस्ट्रात नव्याने आलेली अंकिता लगबगीने पुढे आली. राजेश्वरीने माईक पदराने पुसून तिच्या हातात दिला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मागे येऊन शिवकुमारच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. ठेका सुरू झाला. शिवकुमारने तळहाताच्या कडेने चकती पुढे लोटली, पार पुढे, आणि बेस मोकळा घुमला.

राजेश्वरी समोरच्या गर्दीकडे पाहत होती. तिचा उजवा हात बेसच्या ॲम्प्लिफायरच्या लाकडी खोक्यावर उघडा पडून होता, आणि खोकं थरथरत होतं.