मळमड्डीपुरतं आडनाव

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या वादिराजच्या एजन्सीतून घरोघरी आजाऱ्यांसाठी सेविका पाठवल्या जातात. भिंतीवर 'येथे सर्वांना समान संधी' अशी पाटी आहे, आणि तिच्याखालीच बसून वादिराज सेविकांना आडनावं वाटतो, निळा एप्रन देतो तसंच. आरुषी कांबळेला त्याने धारवाडच्या मळमड्डीतल्या ब्राह्मण घरांसाठी कुलकर्णी हे आडनाव दिलं. "तिथं स्वयंपाकघरात शिरावं लागतं, अक्का. समजून घ्या," म्हणाला. नर्सिंगचा डिप्लोमा घेतलेल्या पोरीने समजून घेतलं. हुबळीत घरी बसून करणार काय होती?

त्याला दोन वर्षं झाली. खुब्याचं हाड मोडून पडलेल्या विमलाअक्कांना, निवृत्त शिक्षिकेला, तिने आंघोळ घातली, भात भरवला, पुन्हा चालायला लावलं. आणि "तुमचे कुलकर्णी कुठले गं?" या प्रश्नाला दर वेळी नवी थाप मारली. आजोळ कलघटगीला नेऊन ठेवलं, कुलदैवत शोधून काढलं. आता तिला स्वतःचा उबग आला होता. घरी आईशी बोलतानाही ती प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून बघायची.

अशात सुपरवायझरची जागा निघाली. आरुषीइतकं काम कुणालाच येत नाही, हे वादिराजही कबूल करी. "पण सुपरवायझरचं ओळखपत्र खऱ्या नावाचं लागतं," तो म्हणाला. "एका घरातून लिहून आणा, की तुम्ही कोण ते ठाऊक असूनही त्यांनी ठेवून घेतलंय. मग मी ना म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गोळ्या देऊन झाल्यावर आरुषी पलंगाशी उभी राहिली.

"अक्का, मी कुलकर्णी नव्हे. कांबळे."

विमलाअक्का चक्क हसल्या. "अगं, मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं की! तुझं कलघटगीचं आजोळ दर आठवड्याला बदलायचं."

आरुषीला रडूच फुटलं. दोन वर्षं उगाच जीव टांगणीला लावला होता! तिने पत्राचं सांगितलं. अक्कांनी लगेच चष्मा मागितला, पेन मागितलं आणि अर्धा तास लिहीत बसल्या.

पत्र सुंदर होतं. पोटच्या लेकीने केलं नसतं एवढं हिने केलं, माझं सगळं घर हिच्या हाती आहे, असं लिहिलं होतं. वर नाव होतं, कुमारी आरुषी कुलकर्णी.

"अक्का, नाव..."

"इरली, राहू दे तेच. माझ्या मनात काही नाही गं. पण पत्र चार घरी फिरणार. शेजारची मथुरा, वरची उत्तरा, सगळ्या तुझ्या हातचं खाऊन जातात. त्यांना मी काय तोंड दाखवू? आणि तू कशाला घाबरतेस? मी आहे ना. मरेपर्यंत कुणाला कळू देणार नाही."

त्यांनी तिचा हात प्रेमाने दाबला आणि सोडलाच नाही. कालपर्यंत आरुषी निदान एकटीच लपली होती. आता तिला लपवून ठेवणारं मायेचं माणूस मिळालं होतं, आणि त्या मायेशी भांडायचं कसं तेच तिला कळेना. अक्का कौतुकाने तिच्याकडे बघत वाट पाहत होत्या.

आरुषीने वाकून नमस्कार केला.