हद्दीचा दगड, नंबर सतरा

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो; पण वाटेत ठेच लागते तसला नव्हे. मी हद्दीचा दगड आहे. माझ्या कपाळावर १७ हा आकडा कोरलेला आहे आणि चार बाजूंनी चार धाकटे दगड मला टेकू देऊन बसले आहेत. फिनलंडच्या सावो भागात, तळ्याच्या वरच्या अंगाला, दोन जंगलांच्या बरोबर मधोमध मी उभा आहे. पूर्वेला हिल्काचं जंगल, पश्चिमेला अल्पोचं. 'बरोबर मधोमध' हे शब्द मी पूर्वी छाती फुगवून उच्चारत असे. आता तसं करत नाही. का, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म कधीचा ते मला ठाऊक नाही. बर्फाच्या एका अजस्र थराने मला उत्तरेकडून फरफटत आणलं आणि इथे टाकून तो वितळून गेला. पुढे हजारो वर्षं मी नुसता लोळत पडलो होतो. मग एका उन्हाळ्यात साखळी घेऊन मोजणीदार आला. त्याच्याबरोबर डासांना शिव्या घालणारे चार गडी होते. त्यांनी पहारी लावून मला उभं केलं, आकडा कोरला, आणि मोजणीदार घाम पुसत म्हणाला, "चला, आता भांडायला कारण उरलं नाही."

बिचारा! कारण मीच झालो. माझ्या अंगाला लागून, अगदी रेषेवर, एक पाइनचं झाड उगवलं. ते कुणाचं, यावरून हिल्काचा आजोबा आणि अल्पोचा बाप अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी वादळानेच ते झाड पाडलं. दोघांनी मुकाट्याने ते अर्धं अर्धं वाटून घेतलं, माझ्यावर बसून हात मिळवले आणि ठरवलं, की पूर्वेकडचं लाकूड हिवाळ्यात पश्चिमेकडच्या गोठलेल्या दलदलीवरून बाहेर न्यायचं. हिल्काच्या जंगलाला लाकूड काढायला दुसरी वाट नाही. त्या ठरावाचा कागद नाही की शिक्का नाही, पण आजवर तो कुणी मोडला नव्हता.

माझा मानही मोठा होता. दर दहा वर्षांनी दोन्ही घरची माणसं येत, रेषेवरची झुडपं तोडत आणि माझ्या माथ्याला लाल रंग देत. पुढे उपग्रहावरून मोजणारी एक पोरगी आली. तिने हातातल्या यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा अकरा सेंटिमीटर सरकलाय." मी सरकलोय! पृथ्वी सरकली असेल. त्यानंतर मात्र मला कुणी रंग दिला नाही. रंग उडाला, शेवाळ चढलं, आणि मी अगदी हिरमुसून गेलो.

तरी रविवार माझा होता. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी हिल्का कॉफीची बाटली घेऊन पूर्वेकडून यायची आणि गुडघे चोळत अल्पो पश्चिमेकडून. त्याच्या खिशात वेलची घातलेला गोड पाव असायचा. हिल्का अठ्ठावन्न वर्षांची, अल्पो एक्याऐंशीचा. त्याला मूलबाळ नाही. लहानपणापासून ती त्याला काकाच म्हणते.

आणि मित्रांनो, गंमत ऐका. तीन वर्षं या दोघांच्या मनात एकच गोष्ट होती. अल्पोला आपलं जंगल हिल्काला विकायचं होतं आणि हिल्काला ते घ्यायचं होतं. मला हे ठाऊक, कारण एकटं असलं की माणूस दगडाशी बोलतो. पण आमच्या सावोत कुणी सरळ विचारत नाही. इथे माणूस बोलला, की अर्थ काढण्याची जबाबदारी ऐकणाऱ्याची!

"पाइन फार दाटलेत यंदा," अल्पो म्हणायचा.

"दाटलेत खरे," हिल्का म्हणायची.

"कुणीतरी लक्ष घालायला हवं."

"हवं तर."

एवढं झालं की कॉफी संपायची आणि दोघं आपापल्या वाटेने घरी जायची. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात दोघंही सारखीच पटाईत. मी आतल्या आत तडकायचा बाकी राहिलो होतो.

हिल्काचं विचारणं अडलं होतं ते पैशांपाशी. ती माझ्यावर बसून फोनवर आपल्या मुलीशी, वेन्लाशी, बोलायची. वेन्ला शहरात नर्स आहे. तिचा आवाज इतका खणखणीत, की दगडालाही ऐकू येतो.

"आई, साठीच्या तोंडावर कर्ज? लोक या वयात कर्ज फेडून मोकळे होतात."

"बँक सत्तर टक्के देईल म्हणते. आपलं जंगल तारण ठेवून."

"आणि उरलेले?"

"तळ्याकाठचे स्प्रूस विकले तर..."

"आजोबांनी लावलेले? आई, तू त्यांना नावानं हाका मारतेस!"

हिल्काने फोन ठेवला. ती झाडं ऐन भरात होती. अजून वीस वर्षं ती जाडीला वाढतच जाणार होती. ती आज तोडणं म्हणजे पिकायच्या आधीच फळ उतरवणं. त्या दिवशी उठताना तिने माझ्या माथ्यावर हात ठेवला. तो हात थंड होता.

मग जूनमध्ये, मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या आदल्या दिवशी, सकाळीच झुडपं कापायच्या यंत्राचा आवाज आला. अल्पो एकटाच हद्दीची रेषा मोकळी करत होता. आवाज ऐकून हिल्का धावत आली आणि सणाला घरी आलेली वेन्ला तिच्या मागोमाग.

"काका, या गुडघ्यांनी? आणि मला हाक नाही मारलीत?"

अल्पोने यंत्र बंद केलं. "रेष स्वच्छ दिसायला हवी म्हणतात."

"कोण म्हणतात?"

अल्पो तळ्याकडे पाहू लागला. "हेलसिंकीचे लोक आहेत. जंगलं विकत घेणारी कंपनी. एक लाख बारा हजार युरो देतायत. सण झाला की सही."

मित्रांनो, दगडालाही धस्स होतं, हे मला त्या दिवशी कळलं. नवा मालक तोंडी ठराव कशाला पाळेल? दलदलीवरची वाट बंद झाली असती, तर हिल्काचं जंगल कुलूप लावलेल्या पेटीसारखं झालं असतं. हक्क मागायला सरकारी कचेऱ्यांत खेटे घालण्यात दोन-तीन वर्षं सहज गेली असती.

हिल्का मटकन माझ्यावर बसली. "मला विचारलं का नाहीत?"

"तू कुठं विचारलंस? दाटलेत म्हणून तीन वर्षं सांगतोय!"

"मला वाटलं, झाडांबद्दल सांगताय!"

"झाडांबद्दलच सांगत होतो. जंगलात काय बटाटे असतात?"

वेन्ला खो-खो हसत सुटली. "तुम्ही दोघं म्हणजे ना! आता तरी बोला. आई, हवंय का तुला? हो की नाही?"

हिल्काने श्वास घेतला. तिचा चेहरा लालेलाल झाला होता. "हवंय," ती म्हणाली.

असा सरळ शब्द माझ्यावर बसून आजवर कुणी उच्चारला नव्हता.

"मग लाखाला घे," अल्पो म्हणाला.

"का? ते बारा जास्त देतायत. मला दया नको, काका."

"बारा हजारांचं मी काय करू? शवपेटीला सोन्याच्या कड्या लावू?"

"एक लाख दहा," हिल्का म्हणाली.

"एक लाख दोन."

"आठ!"

घेणारी भाव चढवतेय आणि विकणारा उतरवतोय, असा उलटा सौदा मी कधी पाहिला नव्हता. शेवटी वेन्लाने मध्ये हात घातला. "एक लाख सहा. आणि आता दोघांनीही तोंड बंद ठेवा." तिने फोनवर आकडे मांडले. बँकेचे चौऱ्याहत्तर हजार, आईच्या शिलकीतले दहा. "बावीस कमी पडतायत."

हिल्काची नजर तळ्याकाठच्या स्प्रूसांकडे गेली. अल्पोने ते पाहिलं.

"तिकडं बघू नकोस, पोरी. इकडं बघ." त्याने आपल्या पाइनांकडे बोट केलं. "आठ वर्षं विरळणी व्हायची राहिलीय. एकमेकांच्या डोक्यावर बसलेत नुसते. दर तिसरं झाड काढ, उरलेली मोकळी वाढतील. त्या लाकडाचे पैसे दोन हिवाळ्यांत मला दे. जंगलाला आपलं आपण फेडू दे."

"आणि हिवाळ्यात जमीन गोठलीच नाही तर?" वेन्ला म्हणाली. "दलदलीवर यंत्र जाणार कसं?"

"मग त्या वर्षी नुसती कॉफी पाजा."

"काका, हे सगळं कागदावर लिहायचं. तुम्ही, आई, मी, तिघांच्या सह्या."

"मी कुठं पळून चाललोय?"

"तुम्ही एक्याऐंशीचे आहात."

"ते आहे," अल्पोने मान हलवली. "बरं, लिही. पण माझी एक अट. लिंगनबेरीची फळं वेचायला मला येऊ द्यायचं."

"ते तर साऱ्या देशाला मोकळं आहे, कुणाच्याही जंगलात!" हिल्का म्हणाली.

"असेल. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"या, काका," हिल्का म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अल्पोने घाईघाईने खिशातून पाव काढून तिच्यापुढे धरला.

मग वेन्ला हळूच म्हणाली, "कागदावर चौथा हिस्सा माझ्या नावानं टाक, आई. हप्त्याचाही चौथा हिस्सा माझा. ही झाडं पुरती वाढतील तेव्हा तू अठ्ठ्याण्णव वर्षांची असशील. कुणीतरी कॉफी घेऊन यायला हवं ना!"

सह्या ऑगस्टमध्ये झाल्या. मला आनंद झाला, पण खरं सांगतो, छातीत कळही आली. पूर्वेला हिल्का आणि पश्चिमेलाही हिल्काच, तर मी कशाच्या मधोमध? ज्या सौद्यासाठी तीन वर्षं मी मनातल्या मनात ओरडत होतो, त्याच सौद्याने माझी नोकरी गेली होती.

सप्टेंबरात हिल्का आली ती लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन. घरची जुनी सवयच ती! तिने माझ्या माथ्यावरचं शेवाळ खरवडायला हात उचलला आणि तशीच थांबली. माझ्या या बाजूला पाहिलं, त्या बाजूला पाहिलं. मग हसून तिने डब्याचं झाकण घट्ट बसवलं, माझ्यावर बसली आणि कॉफी ओतली. एक पेला स्वतःसाठी, एक शेजारी. थोड्या वेळाने पश्चिमेकडून बादली हलवत अल्पो आला.

"येऊ का?" त्याने हद्दीपलीकडून, म्हणजे जिथे हद्द होती तिथून, मुद्दाम विचारलं.

"या की," हिल्का म्हणाली. "विचारताय कशाला?"

"विचारायचं असतं," अल्पो म्हणाला. "आता शिकलोय मी."

मित्रांनो, माझ्यासारखे जुने दगड शेवटी काय मागतात? आम्हांला धुवा, रंगवा, जपा. मला काहीच नको. माझ्यावर शेवाळ चढू द्या, आकडा बुजू द्या. ज्या हद्दीची गरज सरली तिला असंच म्हातारं होऊ द्यावं. पण तुमच्या शेजारच्या माणसाला काही विचारायचं असेल, तर तीन वर्षं कॉफी पीत बसू नका. भीड ही भिकेची बहीण असते. आणि बोलायला बसण्यापुरती जागा लागली, तर माझ्या माथ्यावर दोघंजण सहज मावतात.