कामाला येती

फौजेतून हवालदार म्हणून घरी परतलेला कृष्णात आटपाडीजवळच्या पाइपांच्या कारखान्यात गेटवर बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं खानदान काढायचा. गाव कुठलं, आडनाव काय, मामा कोण, एवढं कळल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडत नसे. पण मालक जिनदत्तशेठनं गावातली पोरं काढून बंगाली बोलणारी माणसं भरली, तेव्हापासून त्यानं ही चौकशी सोडून दिली. असल्यांचं गाव विचारून करायचं काय? ती सगळीच्या सगळी सीमेपलीकडची, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं. शेवटी पोलिसांना फोन केला तोही त्यानंच.

आता गंमत अशी, की ह्या कृष्णातच्या घरातच बंगाली सून होती. ह्या भागातली पोरं सोनं गाळायच्या धंद्यावर देशभर पांगतात. तसा त्याचा विश्वजीत बंगालात गलाईच्या दुकानावर गेला, तिकडच्याच झुमाशी देवळात लग्न करून मोकळा झाला आणि तिला आईबापाजवळ ठेवून पुन्हा धंद्यावर गेला. सोयरीक नाही, बैठक नाही! कृष्णातला वाटलं, भावकीत आपलं नाक कापलं गेलं. तो सुनेशी एक अक्षर बोलत नसे. पाव्हण्यानं विचारलं, "ही पोरगी कोण?" की त्याचं उत्तर ठरलेलं, "कामाला येती." त्याची बायको बनुबाई चडफडायची. झुमा चहा ठेवून गप आत जायची.

धाड पडली भर दुपारी. पोलिसांनी कामगार गेटपाशी उकिडवे बसवले. काठ्या आपटत होत्या, शिव्यांचा पाऊस पडत होता. सरपंच आप्पासोंसकट अर्धं गाव मोबाइल वर करून शूटिंग करत होतं. "हाकला रं ह्यास्नी!" कुणीतरी ओरडलं आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. कृष्णात छाती काढून पोलीस साहेबाला एकेकाकडं बोट दाखवत होता.

तेवढ्यात झुमा त्याचा डबा घेऊन आली. बसवलेल्यांतली एक बाई तोंडात ओढणी कोंबून रडत होती. झुमा तिच्याजवळ वाकली आणि बंगालीत काहीतरी समजुतीचं बोलली. झालं! पोलिसानं तिचा दंड धरला.

"हवालदार, ही कोण?" साहेबानं विचारलं.

सगळे कृष्णातकडं बघत होते. आप्पासो बघत होते, मोबाइल बघत होते. झुमानं बोलायला तोंड उघडलं होतं.

"कामाला येती," कृष्णात म्हणाला.

झुमानं तोंड मिटलं. तिनं डबा त्याच्या पायाशी ठेवला आणि कुणी ढकलायच्या आत गाडीत चढून बसली.

घरी बनुबाईनं त्याच्या अंगावर झुमाचं आधार कार्ड फेकलं. "तिला सीमेपल्याड नेऊन टाकली तर पोराला काय तोंड दावशीला? ती घरात न्हाई, तर मी बी न्हाई. जावा!"

ठाण्यात साहेबानं कार्डाकडं धड बघितलंसुद्धा नाही. "असली कार्डं ह्या सगळ्यांकडं आहेत. संध्याकाळी गाडी पुण्याला जाणार, तिथून थेट सीमेवर."

"साहेब, सून हाय माजी."

"दुपारी कामवाली होती. तेवढ्यात लग्न लावलंत?" बाकीचे पोलीस खदखदून हसले. "बरं, सून तर सून. माहेर कुठलं तिचं? बापाचं नाव काय?"

उभ्या तालुक्याचे मामे-मेव्हणे कृष्णातला तोंडपाठ होते आणि घरातल्या सुनेचा बाप त्याला ठाऊक नव्हता.

"इचारलंच न्हाई कवा," तो पुटपुटला.

साहेबानं पकडलेल्या बायकांतून झुमाला समोर आणायला लावलं. कृष्णातनं हात जोडले. "पोरी, सांग की साहेबास्नी. सून हाय म्हणून सांग!" हे त्यानं तिच्याशी बोललेलं पहिलंच वाक्य.

झुमानं त्याच्याकडं बघितलंही नाही. ती बोलली ते थेट बनुबाईच्या बोलीत, एका सुराचाही फरक नाही. "मामंजी कवा खोटं बोलत न्हाईत, साहेब. त्येंच्या घरी मी कामाला येती."

साहेबाचं हसू मावळलं. सासऱ्याला मामंजी म्हणणारी कामवाली त्यानं कुठं बघितली नव्हती. त्यानं कार्ड उचललं, उलटून पाहिलं आणि टेबलावरून पुढं सरकवलं. "न्या हिला घरी."

कृष्णात लगबगीनं दाराकडं निघाला. झुमा जागची हलली नाही.

"मी न्हाई जायाची," ती म्हणाली. "आप्पासोंच्या, साऱ्या गावाच्या देखत गेटवर म्हणाले न्हवं? तितंच उभं ऱ्हाऊन सून म्हणू द्या. तवर मी हितंच, ह्या बायकांत बसती."

आणि बंदुकीला कधी न भ्यालेल्या कृष्णातला त्या गेटची भीती वाटली.