सातवी ब
पेंटर स्टुलावर चढला, दारावरच्या पाटीवर त्याने ‘सातवी’ एवढं लिहिलं आणि ब्रश डब्यात बुडवून तसाच थांबला.

“मोठ्या बाई, पुढे ‘ड’ काढायचा ना?”

“ब,” मोठ्या बाई खालून म्हणाल्या. “अ, ब, क. साधं आहे.”

“या शाळेत ब नसतो.”

नळाला पाणी नसतं, अशा सुरात त्याने हे सांगितलं आणि ब्रश पुसत खाली उतरला.

मोठ्या बाई मुख्याध्यापिका म्हणून इथे नुकत्याच रुजू झाल्या होत्या. सुट्टी संपत आली होती. नळ, बाकं, पंखे, वेळापत्रक, सगळं त्यांनी जातीने पाहिलं होतं. जवळची एक शाळा बंद पडली, तिथली मुलं इकडे येणार, म्हणून सातवीची तिसरी तुकडी काढायची होती. आजवर सातवीला अ आणि क अशा दोनच तुकड्या होत्या. हा कुणाचा तरी जुना घोळ असणार. नवी विटी नवं राज्य, तर आपणच तो निस्तरून टाकावा, एवढाच त्यांचा हेतू. शिक्षकांच्या बैठकीत त्यांनी तसं सांगितलं, तेव्हा कुणी हो म्हणालं नाही की नाही म्हणालं नाही. सगळे खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर नुसतं रिकामं मैदान होतं.

व्हरांड्याच्या टोकाची ही खोली कायम बंद असे. किल्ली घेऊन भाऊसाहेब आले. भाऊसाहेब म्हणजे शाळेचे हेडक्लार्क. एरवी बोलायला बसले की समोरच्याला उठू देत नसत. आज त्यांनी मुकाट्याने कुलूप काढलं.

आत कोळिष्टकं आणि मोडकी बाकं निघणार, अशी मोठ्या बाईंची खात्री होती. दार उघडलं आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या. फरशी स्वच्छ पुसलेली होती. बाकं सरळ रांगेत. फळा धुतलेला, आणि त्याच्या कडेवर कोरा खडू.

“भाऊसाहेब, ही खोली कोण वापरतं?”

“कुणी नाही.”

“मग झाडतं कोण?”

पेंटरने आपलं स्टूल उचललं आणि तो निघून गेला.

“गणिताच्या बाई,” भाऊसाहेब म्हणाले. “दरवर्षी शाळा उघडायच्या आधी येतात. झाडतात, पुसतात, कुलूप लावून जातात. आम्ही काही विचारत नाही.”

पुढचं त्यांनी व्हरांड्यातच उभं राहून सांगितलं. आत पाऊल ठेवलं नाही. बरीच वर्षं झाली त्याला. सातवी ब सहलीला गेली होती. येताना पुलावरून बस नदीत गेली. कुणीच परत आलं नाही. वर्गशिक्षिका होत्या गणिताच्या बाई. त्यांना आयत्या वेळी ताप भरला, म्हणून त्यांच्या जागी चित्रकलेचे सर गेले. पुढच्या वर्षी तुकड्या पाडायला बसले, तेव्हा कुणाच्या तोंडून ते अक्षर निघेना. निघालं नाही ते नाहीच.

“तुमच्या घरचं कुणी होतं?”

“भाची माझी,” असं म्हणून भाऊसाहेब हातातल्या कुलपाची पुन्हा पुन्हा उघडझाप करत राहिले.

मोठ्या बाईंना आपलेच शब्द आठवले. गणिताच्या बाई वर्गशिक्षिका व्हायचं टाळतात, अंग चोरतात, असं त्या गेल्याच आठवड्यात सगळ्यांदेखत बोलल्या होत्या. तेव्हाही सगळे खिडकीबाहेर बघत होते.

त्या दुपारी ऑफिसात एकट्या बसलेल्या असताना व्हरांड्यात मुलं दबक्या आवाजात बोलतायत, असा त्यांना भास झाला. बाहेर येऊन पाहिलं, तर नळ ठिबकत होता. त्यांनी तो घट्ट पिळून बंद केला. परत येऊन बसल्या, तरी कुजबुज थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या बाई आपण होऊन ऑफिसात आल्या. शिडशिडीत, पिकल्या केसांच्या, आवाज इतका हळू की समोरच्याने पुढे झुकावं.

“बसा ना,” मोठ्या बाई उठून म्हणाल्या. “माझं चुकलं. मला ठाऊक नव्हतं. तुकडीला आपण ड म्हणू.”

“नको.”

“बाई, लोकांना त्रास होईल. तुम्हालाही.”

“दरवर्षी एखादं पोर विचारतंच, बाई, आपल्याकडे ब का नाही? आणि दरवर्षी आम्ही विषय बदलतो. मुलं घाबरतात हो. आपण ज्याचं नावसुद्धा घेत नाही, त्याला घाबरतात.” त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. “राहू दे ब.”

“पण तो वर्ग घेईल कोण? कुणी पुढे येईल असं वाटत नाही मला.”

“मला द्या.”

“झेपेल तुम्हाला?”

“ते आत्ता कसं सांगू? नाही झेपलं तर येऊन सांगेन.”

पेंटरला पुन्हा बोलावलं. त्याने ब काढून पाटी पुरी केली आणि गेला.

शाळा उघडली त्या सकाळी मोठ्या बाई सगळ्या वर्गांवरून फिरत टोकाच्या खोलीपाशी आल्या. आत थोडी मुलं येऊन बसली होती, जागेवरून भांडत होती. गणिताच्या बाई मात्र दाराबाहेरच उभ्या होत्या, एक हात चौकटीवर. उंबऱ्यापर्यंत पाऊल जाई आणि मागे येई. आज यांच्याऐवजी आपणच आत जावं, असं मोठ्या बाईंच्या मनात आलं.

तेवढ्यात व्हरांड्यातून एक मुलगी धावत आली. बंद पडलेल्या शाळेतली असावी. अंगावर तिथलाच जुना गणवेश होता.

“बाई, सातवी ब हीच का?” तिने धापा टाकत विचारलं.

गणिताच्या बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मोठ्या बाई पुढे झाल्या, आणि मग जागच्या जागी थांबल्या.

“हीच,” गणिताच्या बाई म्हणाल्या. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि उंबरा ओलांडला. “ये. किती उशीर केलास गं.”

मुलीने गोंधळून मागे वळून मोठ्या बाईंकडे पाहिलं. पहिली घंटा अजून व्हायची होती.