व्हेंटिलेटर सोडून

मी व्हेंटिलेटर बोलतोय. दवाखान्यातला नव्हे हो, दचकू नका. मी मागच्या खोलीच्या दारावरचा, एका काचेचा. सुताराने मला मधोमध खिळ्यावर तोललं आणि खाली दोरी बांधली. ओढून खुंटीला अडकवली की मी उघडा, सोडली की धाडकन बंद.

त्यामुळे या घरात माझ्यासाठी दोनच शब्द. "अहो, व्हेंटिलेटर ओढा जरा, घुसमटतंय," आई म्हणायची. थोड्या वेळाने, "अहो, सोडा आता, गारठा येतोय." बाबा शिंपी. मशीन थांबवून उठायचे, कुरकुरत का होईना, पण उठायचे. मला त्यांच्या कुरकुरीचीसुद्धा सवय झाली होती.

त्यांची लेक ठमी वीज कार्यालयात इंजिनियर झाली. दर हिवाळ्यात सगळ्यांचे हीटर एकदम लागायचे आणि गल्लीचा ट्रान्सफॉर्मर मान टाकायचा. वीज गेली की आई कोळशाची शेगडी पेटवायची. म्हणून ठमीने आपल्याच गल्लीसाठी योजना आखली: दारांखिडक्यांच्या फटी बुजवा, म्हणजे ऊब टिकेल आणि वीज कमी लागेल. कोंडलेली हवा जायला वरची वाट तेवढी उघडी ठेवा.

बाबांचा आनंद गगनात मावेना. "माझ्या लेकीची योजना, पहिलं घर आपलं," असं गल्लीभर सांगत सुटले. ठमीचा फोन आला तेव्हा ते माझ्याखालीच उभे होते.

"बाबा, व्हेंटिलेटर सोडून बाकी सगळं बंद करा."

"व्हेंटिलेटर सोडून, बाकी सगळं बंद. कळलं, ठमाबाई."

फोन ठेवला आणि त्यांनी माझी दोरी सोडली. मग चिंध्यांच्या पट्ट्या शिवून एकेक फट बुजवली, माझ्या कडासुद्धा. काय सुबक काम होतं म्हणून सांगू.

त्या थंडीत एका रात्री पुन्हा वीज गेली. आईने माझ्या खोलीत शेगडी पेटवून जवळ ओढली. बाबांच्या घोरण्याला कंटाळून तिने त्यांना केव्हाच बाहेरच्या खोलीत पाठवलं होतं. कोळशाची विषारी हवा माझ्यापर्यंत चढत आली आणि मी बंद. जीव तुटत होता माझा, पण लाकडाच्या जीवाला कोण विचारतो?

सकाळी बाबा चहा घेऊन आले. हाका मारत राहिले.

ठमी आली. सगळे गेल्यावर बाबांनी तिला विचारलं, "ठमे, तू सांगितलंस तसंच केलं ना गं मी? व्हेंटिलेटर सोडून, बाकी सगळं बंद."

तिने वर पाहिलं. खुंटी रिकामी होती. या घरात वाढलेली पोर ती, तिला एका क्षणात समजलं. तिचा चेहरा मी पाहिला, तो मला विसरता येत नाही.

"हो बाबा. अगदी तसंच."

"मग असं कसं झालं?"

"आईची छाती आधीपासूनच कमजोर होती."

मग तिने पट्ट्या काढल्या, माझी दोरी ओढून खुंटीला गाठ मारली आणि शेगडी सोबत नेली. गल्लीच्या योजनेत आता 'उघडा ठेवा' असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय म्हणे.

बाबांनी मशीन हल्ली माझ्याखाली आणलंय. शिवता शिवता थांबतात. कपडे टाकायला येणाऱ्यालासुद्धा विचारतात, "लेकीने सांगितलं तसंच केलं मी. बरोबर केलं ना?"

तुम्ही कधी आलात तर तुम्हालाही विचारतील. हो म्हणा.